तिपाई आणि जावईबापू

कॅमेरा ज्यावर ठेवतात त्या तीन पायांच्या स्टँडला तिपाई म्हणतात, आणि स्टुडिओतल्या या कॅमेरामनलाही सगळे तिपाईच म्हणत, कारण त्याला ती कधी लागलीच नाही. एवढा जड कॅमेरा खांद्यावर घेऊन तो स्टुडिओच्या फरशीवर असा चाले, की घरी बसून बघणाऱ्याला वाटावं, माणूस चालतच नाहीये, चित्र आपलं आपण पुढे सरकतंय. बोलता बोलता पाहुण्याचा आवाज जड व्हायला लागला, की डोळ्यांत पाणी यायच्या आधी याचा कॅमेरा तिथे हजर असे. हे सगळं खरं होतं. आणि हे सगळं खरं आहे हे जगाला सांगायचं काम त्याने स्वतःकडेच घेतलं होतं, एवढीच त्याची खोड.

कॅन्टीनमध्ये दोन माणसं जमली की तिपाई सुरू. एकदा पाण्याने भरलेला पेला कॅमेऱ्यावर ठेवून त्याने अख्खी मुलाखत कशी घेतली, ती गोष्ट ऐकून ऐकून कॅन्टीनवाल्याला पाठ झाली होती. सुरुवातीला त्या गोष्टीतला पेला अर्धा होता. पुढे तो भरत गेला.

त्याच्या मागे सतत एक माणूस असे. कॅमेऱ्याची केबल कुणाच्या पायात येऊ नये म्हणून ती गोळा करत, सोडत, हा त्याच्या मागे मागे फिरायचा. त्याचं नाव पडलं होतं शेपूट. शेपूट तिपाईच्याच वयाचा, बोलायला कमी आणि खायला बरा. दोघांची जोडी इतकी जुनी होती, की एकाला शिंक आली तर दुसरा रुमाल काढायचा.

अशा या नांदत्या घरात जावईबापू आले.

जावईबापू म्हणजे यंत्राचा कॅमेरा. जाडजूड खांबावर बसवलेला, खाली चाकं, वर मान. त्याला हात लावायला कुणी लागत नव्हतं. वरच्या कंट्रोल रूममध्ये बसलेला इंजिनीअर एक दांडी हलवायचा आणि हा खाली आवाज न करता फरशीवरून सरकायचा, मान वळवायचा, हवं ते जवळ आणायचा. कुठे उभं राहून काय दाखवायचं ते एकदा शिकवलं की बटण दाबल्याबरोबर बरोब्बर तिथे जाऊन थांबायचा. त्याच्यासाठी सगळी फरशी घासून गुळगुळीत केली. एसी वाढवला, तो इतका की शेपूट स्वेटर घालून यायला लागला. त्याच्या वाटेत खुर्ची ठेवायची नाही, त्याच्या अंगावर सावली पडू द्यायची नाही, चहा घेऊन तर जवळपासही फिरकायचं नाही. एवढे लाड आणि एवढा धाक घरात एकाच माणसाचा असतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्याला जावईबापू हे नाव पडलं. ते पाडलं अर्थात तिपाईने.

मग मोठ्या साहेबांनी मीटिंग बोलावली. साहेब म्हणाले, "हे यंत्र थकत नाही, रजा मागत नाही, त्याचं चित्र हलत नाही. अजून दोन मागवायचा विचार आहे. कुणाला काही म्हणायचंय?"

सगळे तिपाईकडे बघत होते. आता इतक्या वर्षांच्या फुशारकीनंतर माणसाने गप्प तरी कसं बसावं? तिपाई उठला.

"साहेब, जावईबापूंना एकदा माझ्या शेजारी उभं करा. थेट कार्यक्रमात. एक पाहुणा, एक टेबल. कुणाच्या चित्रात जीव आहे ते लोकांनाच बघू दे."

लोकांनी बाकं वाजवली. दिग्दर्शन करणाऱ्या बाई, ज्यांना सगळे नुसतंच बाई म्हणत, त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. शेपटाने टाळी वाजवली नाही, तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. साहेब मात्र खूश झाले. "ठरलं, या शुक्रवारी सकाळच्या कार्यक्रमात," म्हणाले आणि निघून गेले.

तिपाईने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि तो किती मोठा होता हे त्या खोलीत फक्त आपल्याला ठाऊक आहे, अशी त्याची समजूत होती.

कारण गेले कित्येक महिने त्याचा उजवा हात थरथरत होता.

आधी खांदा दुखायचा, ते त्याने मोजलंच नाही. मग बोटांना मुंग्या आल्या. मग एक दिवस कॅमेऱ्यातून बघताना समोरच्या पाहुणीच्या कानातलं डूल हललं, आणि पाहुणी तर हलली नव्हती. डॉक्टरांनी मान वळवून बघितली, फोटो काढला आणि सांगितलं, की मानेतली शीर दबली आहे. "खांद्यावरचं ओझं उतरवा, हात बराचसा सुधारेल. नाही उतरवलंत, तर मग पुढचं मला विचारू नका."

ओझं उतरवा म्हणे. हमालाला सांगावं तसं. ते ओझं उतरवलं तर खाली उरतो कोण, हे डॉक्टरांना कुठून कळणार? तिपाईच्या आधीच्या कॅमेरामनची पाठ गेली, तेव्हा त्याला तळघरात जुन्या टेपांच्या खोलीत बसवलं होतं. माणूस गुणी, पण तळघरात गेला तो गेलाच. वर त्याची कुणी आठवण काढेना. एकदा लिफ्टमध्ये भेटला तेव्हा त्याने तिपाईला विचारलं होतं, "वर आता कुठल्या रंगाचा सेट आहे रे?" तिपाईने सांगितलं, निळा. तो म्हणाला, "छान दिसत असेल." ते छान दिसत असेल तिपाईच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

म्हणून त्याने हात लपवला. लाल दिवा लागला, म्हणजे आपलं चित्र घराघरांत दिसायला लागलं, की तो श्वास रोखून धरी. कोपर बरगडीत दाबून धरी. क्लोजअप टाळी. आणि कॅन्टीनमध्ये पूर्वीपेक्षा जास्त बोले.

घरीही त्याने अवाक्षर काढलं नव्हतं. डॉक्टरांकडे जाताना बायकोला सांगितलं, की केस कापायला जातोय, आणि डोक्यावरचे केस जसेच्या तसे घेऊन परत आला. "गर्दी होती," म्हणाला. बायकोने मान डोलावली. ती बोलली नाही म्हणजे तिच्या लक्षात आलं नाही, असा हिशेब नवरे मांडतात, तसा त्यानेही मांडला.

बायकोवर त्याचा सध्या वेगळाच राग होता. ती त्याला अर्धा कप चहा द्यायला लागली होती. अगदी बरोबर अर्धा. त्याने एकदा चिडून विचारलंही, "अगं, चहा महाग झालाय का?" ती म्हणाली, "वयाच्या मानाने अर्धाच बरा." तो मनात म्हणाला, बाहेर यंत्र आणि घरात ही, सगळ्यांनीच आपल्याला अर्ध्यावर आणायचं ठरवलंय.

शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी तो जेवायला उठेना. बायकोने विचारलं, "अहो, उद्या काय आहे?"

"काही नाही. नेहमीचंच."

"मग नेहमीसारखं जेवा की."

तो पानावर बसला आणि डाव्या हाताने घास चिवडत राहिला.

शुक्रवारी पाहुणे म्हणून कोण यावं? घड्याळजी. नशीब एकदा थट्टेवर आलं की पोटभर करतं. हाताने घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा, कानावर पांढरे केस, गळ्यात भिंग. तो टेबलावर एक जुनं खिशातलं घड्याळ उघडणार आणि त्याच्या पोटातलं तिळाएवढं चक्र चिमट्याने बाहेर काढून दाखवणार. म्हणजे सगळा खेळ क्लोजअपचा. म्हाताऱ्याचा हात दगडासारखा स्थिर होता, ते बघून तिपाईला त्याचा हेवा वाटला आणि मग हेवा वाटल्याची लाज वाटली.

कार्यक्रम सुरू झाला. निवेदिका हसून बोलत होती. टेबलाच्या एका बाजूला जावईबापू मान ताठ करून उभे, दुसऱ्या बाजूला तिपाई कॅमेरा खांद्यावर घेऊन. मागे शेपूट, एका हातात केबल आणि दुसऱ्या हाताची मूठ तिपाईच्या कमरेच्या पट्ट्यात. ही पट्टा धरायची सवय शेपटाला अलीकडेच लागली होती. "केबल गुंतते," असं त्याने कारण सांगितलं होतं आणि तिपाईने ते ऐकून सोडून दिलं होतं.

पहिली काही मिनिटं बरी गेली. निवेदिकेचा चेहरा, घड्याळजीचं हसू, दोघांमधलं टेबल. लांबून दाखवायचं असलं की थरथर चित्रात खपून जाते. मग घड्याळजीने भिंग डोळ्याला लावलं आणि चिमटा घड्याळात घातला.

कानातल्या हेडफोनमधून बाईंचा आवाज आला. "तिपाई, चक्रावर जा. आता तुमच्याकडे येते."

तिपाई चक्रावर गेला. चिमट्याच्या टोकावर ते पिवळं चक्र होतं, आणि कॅमेऱ्याच्या चौकटीत ते उकळत्या पाण्यातल्या दाण्यासारखं उड्या मारत होतं. त्याने श्वास रोखला. कोपर दाबलं. शेपटाची मूठ कमरेत घट्ट झाली. चक्र उड्या मारतच राहिलं. लाल दिवा अजून लागला नव्हता, पण आता लागणार होता, आणि त्याने इतकी वर्षं ज्या दिव्यासाठी जीव टाकला त्या दिव्याची त्याला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली.

मग त्याने जे केलं ते कुठलाही कॅमेरामन करत नाही. तोंडाजवळच्या माइकात तो हळूच बोलला, "बाई, मला घेऊ नका. माझा हात हलतोय."

बोलून गेला आणि त्याला वाटलं, संपलं. तळघराचा जिना त्याला डोळ्यांसमोर दिसला.

कानात बाईंचा आवाज आला, शांत, भाजीचा भाव सांगावा तसा. "माहीत आहे. जावईबापू घेतेय. तुम्ही आरामात उभे राहा."

माहीत आहे? तिपाईला क्षणभर कळेना, की आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं का. त्याने समोरच्या पडद्याकडे बघितलं. जावईबापूंनी चक्र धरलं होतं. इतकं जवळून, इतकं स्वच्छ, की त्याचे दाते मोजून घ्यावेत. हलायचं नाव नाही. तिपाईने खूप शोधलं, पण त्या चित्रात नाव ठेवायला जागा सापडली नाही. आणि नवल म्हणजे त्याला वाईटही वाटलं नाही. कित्येक महिन्यांनी त्याने मोकळा श्वास घेतला, तोही चालू कार्यक्रमात.

त्या श्वासाचं सुख त्याला फार वेळ मिळालं नाही. निवेदिका म्हणाली, "मी धरून बघू का?" आणि घड्याळजीने भोळेपणाने चिमटा तिच्या हाती दिला. तिने तो जरा जास्तच दाबला. चक्र टुणकन उडालं आणि गायब झालं.

पडद्यावर जावईबापू चिमट्याचं रिकामं टोक दाखवत उभे होते. अत्यंत स्थिर. वर इंजिनीअर बटणं धुंडाळत होता, पण पळून गेलेल्या चक्राचं बटण कुणी बसवलेलं नव्हतं.

"तिपाई, जा," बाई म्हणाल्या.

तिपाई निघाला. निवेदिका गुडघ्यांवर आली, हा तिच्याबरोबर खाली. घड्याळजी टेबलाखाली शिरला, याचा कॅमेरा त्याच्या मागे. टेबलाखालच्या अंधारात म्हातारा गंभीरपणे सांगत होता, "कुणी हलू नका. श्वाससुद्धा हळू घ्या. ते माझ्या आजोबांच्या घड्याळाचं आहे." निवेदिका तोंड दाबून हसत होती. ती हलत होती, म्हातारा हलत होता, चित्र तर हलतच होतं, पण त्या धांदलीत ते स्थिर असतं तरच विचित्र दिसलं असतं. आणि मग कॅमेऱ्यातून बघताना तिपाईला निवेदिकेच्या बाहीच्या दुमडीत काहीतरी चमकलेलं दिसलं. तो तिथे गेला आणि थांबला. निवेदिकेने कॅमेरा कुठे बघतोय ते बघितलं, मग आपल्या बाहीकडे बघितलं. घड्याळजीने चिमट्याने चक्र उचललं आणि कपाळाला लावलं.

कार्यक्रम संपल्यावर मोठे साहेब खाली आले. "मजा आली. दोन्ही ठेवा," एवढं म्हणून गेले. साहेब लोकांचं बरं असतं, चार शब्दांत त्यांचा निकाल लागतो.

तिपाईचा लागायचा होता. त्याने कॅमेरा खाली ठेवला आणि वर कंट्रोल रूममध्ये जाऊन बाईंसमोर उभा राहिला. शेपूट सवयीने मागे होताच.

"बाई, मी महिनोन्‌महिने खोटं बोललो. डॉक्टरांनी ओझं उतरवायला सांगितलंय. टेपांच्या खोलीत जागा असेल तर..."

"बसा आधी."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तुम्ही क्लोजअप मागायचं बंद केलंत तेव्हा," बाई म्हणाल्या. "आधी सारखं कानात भुणभुण करायचात. बाई, डोळे घ्या, बाई, हात घ्या, बाई, जवळून घ्या. एक दिवस भुणभुण थांबली. मी पडद्यावर नीट बघितलं तर चित्र हलत होतं. तेव्हापासून तुमच्यावर जास्त वेळ थांबत नाही. जरा हलायला लागलं की दुसरीकडे जाते."

तिपाईने मागे वळून बघितलं. "आणि तू?"

शेपूट म्हणाला, "मी तर तुझा पट्टा धरून होतो."

"केबल गुंतते म्हणालास ना?"

"केबल इतक्या वर्षांत कधी गुंतली का? तू तिकडे कललास की मी इकडे ओढायचो. माझाच खांदा आता दुखतो."

"मग बोलला का नाहीत कुणी?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "दुसऱ्याच्या हाताबद्दल आपण कसं बोलायचं हो? आज सांगतील, उद्या सांगतील, म्हणून वाट बघत होतो. तुम्ही सांगायचं सोडून मीटिंगमध्ये शड्डू ठोकलात. आज मुद्दाम तुम्हाला चक्रावर पाठवलं. वाटलं, आता तरी तोंड उघडतील."

"आणि नसतं उघडलं तर?"

"तर जावईबापू तयारच होते. तुमच्यावर दिवा लावणार नव्हतेच मी."

ज्यांच्यापासून आपण लपत होतो तीच माणसं आपल्याला लपवत होती, हे तिपाईच्या फार उशिरा ध्यानात आलं. त्याला शरम वाटली, पण शरमेहून सुटल्यासारखं जास्त वाटलं.

बाईंनी इंजिनीअरला खुणावलं. त्याने आपली खुर्ची रिकामी केली. "या, बसून बघा," तो म्हणाला. "तुमच्या हाताचं सांगितलंय बाईंनी. दांडी मऊ करून ठेवलीय. बारीक थरथर ती मनावर घेत नाही, हात खरंच वळला तरच वळते."

तिपाईने दांडी धरली. हात थरथरत होताच, आता तर जरा जास्तच. त्याने भीत भीत समोरच्या पडद्याकडे बघितलं. खाली रिकाम्या सेटवर घड्याळजीची खुर्ची होती, आणि पडद्यावर ती खुर्ची गप उभी होती. त्याने हाताकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं. हात हलत होता आणि चित्र हलत नव्हतं. किती दिवसांनी त्याच्या हातून असं चित्र निघालं होतं. त्याचे डोळे भरून आले आणि ते त्याने कुणापासून लपवले नाहीत.

"खुर्चीवरून टेबलाकडे चला," बाई म्हणाल्या.

तिपाई टेबलाकडे चालला. म्हणजे खरोखरच चालला. दांडी वळवता वळवता खुर्चीतून उठला, दोन पावलं बाजूला सरकला आणि हेडफोनची वायर ओढून इंजिनीअरचा चष्मा खाली पाडला. शेपटाने झटकन पुढे होऊन वायर गोळा केली.

"इथे चालायचं नसतं," इंजिनीअर चष्मा शोधत म्हणाला.

"सवय जायला वेळ लागेल," बाई म्हणाल्या. "सोमवारपासून तिपाई इथे बसतील. खांद्यावरचा कॅमेरा शेपूट घेईल. शिकवायचं काम तिपाईंचं."

शेपूट दचकला. "आणि माझी केबल कोण धरणार?"

"आधी कॅमेरा तर धर," तिपाई म्हणाला. "आणि खांदा दुखला तर लगेच सांगायचं. माझ्यासारखा शहाणपणा करायचा नाही."

दुपारी तो घरी आला तेव्हा बायको मशीनवर शिवत बसली होती. तो चपला काढून तिच्यासमोर स्टुलावर बसला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला. शीर, डॉक्टर, हात, घड्याळजी, दांडी. ती शिवायची थांबली नाही. शिवण संपवली, दोरा तोडला आणि मग म्हणाली, "केस कापायला गेला होतात ना, त्याच दिवशी मला कळलं. जाताना होते तेवढेच केस घेऊन आलात, आणि खिशात दवाखान्याची चिठ्ठी."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर अजून एक खोटं बोलला असतात. तेवढंच वाचवलं."

ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला. तिपाई आपल्या उजव्या हाताकडे बघत बसला. तो मांडीवर पडून बारीक बारीक थरथरत होता आणि त्याने आज पहिल्यांदाच त्याला डाव्या हाताने झाकलं नाही.

बायको चहा घेऊन आली. त्याने कपाकडे बघितलं. कप काठोकाठ भरला होता.

"आज पूर्ण?"

"पूर्ण कप तुमच्या हातून बशीत सांडायचा, आणि तुम्ही माझ्याकडे असे चोरून बघायचात," ती म्हणाली. "ते बघवत नव्हतं, म्हणून अर्धा देत होते. अर्धा सांडत नाही."

तिपाईने दोन्ही हातांनी कप उचलला. थोडा चहा बशीत सांडला, थोडा सदऱ्यावर. त्याने तिच्याकडे सरळ बघितलं आणि कप संपवला. मग बशीतलाही प्यायला.

"अजून आहे का?" त्याने विचारलं. "इतके दिवस पुरतच नव्हता गं."